वारीची पडशी

(आषाढी वारीला प्रथमच निघणाऱ्या कुटुंबांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्यापैकी बहुतेक जण यंदा प्रथमच आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट पायी चालणार आहेत. वारीचे माहात्म्य सांगण्याचा माझा अधिकार नाही. मी बोलणार आहे ते पडशीविषयी, कारण माझी पहिली वारी पडशीपायीच अर्धवट राहिली.

त्या वर्षी माझ्या पाठीवर अकरा किलोंची सॅक होती. कपड्यांचे चार जोड, जाड टॉवेल, दोन ग्रंथ, टिपणवह्या, फराळाचे डबे! पुण्याहून सासवडला जाणारा टप्पा सर्वांत लांबचा, आणि त्यातच दिवे घाटाची चढण. घाटात पाऊस आला, सॅक भिजून अधिकच जड झाली. शेजारून डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एक वृद्ध माउली चालल्या होत्या. त्यांच्या कमरेला केवळ एक कापडी पिशवी. माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, ‘‘माउली, घरदार पाठीवर घेऊन कुठं निघालात?’’ मी हसलो. परंतु लोणंदला पोहोचेतो गुडघा सुजला आणि तेथूनच एस.टी.ने परतावे लागले. विशेष म्हणजे, पाठीवर एवढे सारे असताना रक्तदाबाच्या गोळ्या मात्र दिंडीच्या ट्रकमध्ये, वळकटीत राहिल्या होत्या!

येथेच खरे सूत्र आहे. एकोणिसाव्या शतकात हैबतरावबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्तबद्ध रूप दिले. त्या शिस्तीत प्रत्येक दिंडीचा क्रम ठरलेला आहे, रथापुढच्या व रथामागच्या दिंड्या ठरलेल्या आहेत. भोजन, राहुटी, सामानाचा ट्रक यांची व्यवस्था दिंडी करते. म्हणून सामानाचे दोन भाग करा. अंथरूण-पांघरूण, कपड्यांचे दोन जोड, जादा चपला हे ट्रकमध्ये. ट्रक मुक्कामी वेळेवर पोहोचेलच असे नाही; तेव्हा ज्यावाचून एक रात्र काढता येणार नाही, तेवढेच अंगावर.

अंगावर काय असावे? दोन दिवसांची औषधे, पाण्याची बाटली, मीठ-साखरेची पुडी, पातळ पंचा, पायाला लावायला खोबरेल तेल, अंग व पिशवी दोन्ही झाकेल असा प्लास्टिकचा कागद. पातळ सुती कपडा लवकर वाळतो; जाड कपडा पावसात रात्रभर ओलाच राहतो. चपला नव्या नकोत, किमान महिनाभर वापरलेल्या हव्यात. खिशात एक चिठ्ठी ठेवा. तीवर आपले नाव, दिंडीचा क्रमांक, दिंडी रथापुढची की मागची, आणि दिंडीप्रमुखांचा दूरध्वनी लिहा. लाखोंच्या गर्दीत चुकलेल्या माणसाला ती चिठ्ठीच दिंडीपर्यंत पोहोचविते. सारे मिळून तीन किलोंच्या आत बसले पाहिजे. निघण्यापूर्वी पंधरा दिवस तीच पिशवी घेऊन रोज पहाटे चाला. काय नको, ते खांदाच सांगेल.

पुढच्या वर्षी मी असाच निघालो आणि पंढरीस पोहोचलो. आदल्या वर्षीची माझी सॅक ‘लागले तर?’ या एका प्रश्नाने भरली होती, हे मला वाटेत उमगले. डबे मी घेतले होते, कारण दिंडीच्या पंगतीवर माझा विश्वास नव्हता. वारीत लागेल ते शेजारचा देतो आणि त्याला लागेल ते आपण द्यायचे असते. नातेपुत्याच्या मुक्कामी माझे खोबरेल तेल तिघांच्या पायांना पुरले. माझा पंचा हरवला, तेव्हा एका शेतकरी बांधवाने आपला अर्धा फाडून दिला.

आणि त्या माउलींविषयी एक. त्यांच्या डोक्यावर भार नव्हता असे नाही. मातीसकट तुळस काही हलकी नसते. परंतु जे वाहायचे ते त्यांनी निवडले होते, आणि बाकीचे सारे घरी ठेवले होते. आज घरी गेल्यावर आपली पडशी भरा आणि पुन्हा एकदा रिकामी करा. मग त्यातले जे पंढरीपर्यंत न्यायचे, तेवढेच परत भरा.

रामकृष्णहरी!