छतावरची वीज, खात्यातले पैसे

सोलर बसवलं की बिल शून्य होतं का? सहसा नाही, स्थिर आकार भरावाच लागतो.

संच केवढा घ्यावा? आधी वर्षभराची बिलं काढून युनिट मोजा. एक किलोवॉटचा संच महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट देतो. गरजेपेक्षा मोठा घेऊ नका.

लाइट गेली तर? बॅटरी नसलेला संचही बंद पडतो.

पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट किंवा अधिकला ७८,००० रुपये अनुदान आहे. मात्र ते संच सुरू झाल्यावर खात्यात जमा होतं. तोवरच्या पैशांसाठी मुदत ठेव मोडण्याआधी बँकेत सोलर कर्जाची चौकशी करा. हप्ता आणि दरमहा वाचणारं बिल शेजारी मांडा, मगच सही करा.