पेत्राच्या दोन झोपा



नव्या करारात संकटाच्या दोन रात्री पेत्र झोपलेला सापडतो. दोन्ही रात्री वल्हांडणाच्या सणासुदीतल्या आणि दोन्ही वेळा संकट दाराशी आलेलं. पण त्या दोन झोपांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आत्मिक तयारी कशाला म्हणायचं, हे मला त्या अंतरातूनच उमगत गेलं.

पहिली रात्र गेथशेमाने बागेतली. जागे राहून प्रार्थना करा, असं प्रभूने बजावलं होतं. पेत्राला झोप आवरली नाही. मग धरायला माणसं आली तशी त्याने तलवार उपसली आणि मल्ख नावाच्या दासाचा कान छाटला. त्याच रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात दार राखणाऱ्या मुलीने विचारलं, तूही त्याच्याच शिष्यांपैकी ना? पेत्र सरळ नाही म्हणाला. हत्यारबंद जमावावर धावून गेलेला गडी एका पोरीच्या प्रश्नापुढे ढेपाळला.

आपली परीक्षाही बहुधा अशीच लहानशा प्रसंगात होते. काट्यावर माल तोलताना पन्नास ग्रॅम मारायचे की नाही, भाऊबंदकीच्या वादात तोंडातून कोणता शब्द काढायचा, चारचौघं मिळून एखाद्याची टवाळी करत असताना आपणही हसायचं का? तिथे विचाराला उसंत नसते. आत जे मुरलेलं असतं, तेच बाहेर पडतं.

आता दुसरी रात्र. ती प्रेषितांच्या कृत्यांच्या 12व्या अध्यायात आहे. हेरोदाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं आणि पेत्रालाही तुरुंगात टाकलं. चार-चार शिपायांच्या चार तुकड्यांचा पहारा. सण संपताच त्याला लोकांपुढे काढायचं ठरलेलं. आणि पेत्र दोन शिपायांच्या मध्ये, दोन साखळ्यांनी जखडलेला, खुशाल झोपलाय! देवदूताला त्याच्या कुशीत मारून उठवावं लागलं. कंबर बांध, वहाणा घाल, हेही सांगावं लागलं. म्हणजे हा माणूस वहाणा काढून, कमरेचा पट्टा सैल करून निजला होता. सकाळी काय होणार, हे ठाऊक असताना.

मधल्या काळात काय घडलं? पुनरुत्थित प्रभू भेटला, पवित्र आत्मा उतरला, हे तर खरंच. पण त्याच ग्रंथात एक साधी नोंदही आहे. पेत्र आणि योहान प्रार्थनेच्या वेळी, दुपारी तीनच्या सुमारास, मंदिरात जात होते. ठरलेली वेळ, ठरलेली वाट. ही नोंद मला फार मोलाची वाटते. आपल्याकडची संध्याकाळची कुटुंबप्रार्थना आठवा. आळीपाळीने वाचलेला अध्याय, धाकट्याने पेंगत म्हटलेलं आमेन. मोबाइलच्या नादात ती मोडू देऊ नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आणखी एक गोष्ट. पेत्र झोपला होता तेव्हा योहान मार्काची आई मरीया हिच्या घरी मंडळी जागी होती, त्याच्यासाठी प्रार्थना करत होती. पौलाने इफिसकरांना देवाच्या शस्त्रसामग्रीविषयी लिहिलं, तेव्हा तो स्वतः बेड्यांत होता. सत्याचा कमरबंद, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण हे तो अख्ख्या मंडळीला धारण करायला सांगतो, आणि शेवटी येतो तो सर्व पवित्र जनांसाठी करायच्या प्रार्थनेवर. रोमन शिपायाची ती उंच ढाल शेजाऱ्याच्या ढालीला भिडली की मगच रांग भक्कम होत असे. कुणाचं ऑपरेशन असेल, कुणाचा मुलगा दूरदेशी एकटा असेल, तर नाव घेऊन प्रार्थना करा. आजारी माणसाला पुष्कळदा स्वतःसाठी प्रार्थना करण्याचंही त्राण नसतं.

मग याकोबाचं काय? त्याच्यासाठी कुणी प्रार्थना केली नसेल, असं मी मानत नाही. पेत्र सुटला, याकोब मारला गेला आणि दोघंही देवाच्याच हातात होते. गळ्यातला क्रूस किंवा उशाखालचं बायबल म्हणजे ताईत नव्हे. आपल्या घरावर दुःख येणारच नाही, असं वचन प्रभूने दिलेलं नाही. त्या दुःखात आपला हात सुटणार नाही, हे वचन मात्र त्याचं आहे.

हे वचन धरून दुःखातून चाललेली माणसं आपल्याकडेही होऊन गेली. केडगावच्या मुक्ती मिशनात 1905 साली पंडिता रमाबाईंच्या हाकेवरून बायका-मुली रोज प्रार्थनेला जमू लागल्या. त्या रमाबाईंची एकुलती एक मुलगी, कामात त्यांचा उजवा हात असलेली मनोरमा, 1921च्या जुलैत वारली. रमाबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या, थकलेल्या होत्या आणि हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं काम हाती होतं. ते त्यांनी खाली ठेवलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं.