जनरल कॉर्निलोव्ह : हुकूम आणि फौज



रशियन क्रांतीची गोष्ट निघाली की लेनिन-ट्रॉट्स्कींची नावे हटकून येतात. त्या क्रांतीच्या आड जो सेनापती उभा राहिला, त्या लाव्र कॉर्निलोव्हकडे आज आम्ही वळणार आहोत.

हा गृहस्थ सरदारघराण्यातला नव्हे. 1870 साली, आज कझाकस्तानात असलेल्या उस्त-कामेनोगोर्स्क गावी, एका साध्या कोसॅक घरात जन्मला. भाषांचा नाद दांडगा. डोके भादरून, तुर्कमेनी वेष घेऊन त्याने एका अफगाण किल्ल्याची टेहळणी केली. 1903 च्या अखेरीस हिंदुस्थानात येऊन मुंबई, दिल्ली, पेशावर पाहिले. निमित्त भाषा शिकण्याचे, डोळा इंग्रजी छावण्यांवर! (मुंबईत हा ठेंगणा साहेब आपल्या कोणा वाडवडिलांच्या शेजारून गेलाही असेल, कोण सांगावे?)

1917 मध्ये झारशाही कोसळली. झारच्या राणीला अटकेचा हुकूम ऐकविणारा अधिकारी हाच. म्हणून त्याला झारचा बंदा म्हणून मोकळे होणे आम्हांस पटत नाही. त्याला जाचत होती ती फौजेची मोडलेली शिस्त. त्याच्याच आग्रहाने आघाडीवर देहान्ताची शिक्षा पुन्हा सुरू झाली. त्याच उन्हाळ्यात तो सरसेनापती झाला. पुढे पंतप्रधान केरेन्स्कीशी बिनसले, केरेन्स्कीने त्याला बडतर्फ केले. त्याने हुकूम धुडकावला. त्याचे घोडदळ राजधानी पेट्रोग्राडकडे निघालेच होते.

आणि लढाई झालीच नाही! रेल्वे कामगारांनी रूळ अडवले, गाड्या भलत्याच मार्गाला लावल्या. राजधानीतले कामगार शिपायांत मिसळले, बोलले. शिपाई जागचे हलेनात. घोडदळाचा सेनापती क्रिमोव्ह याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. आपल्या इतिहासात याचा जोड हवा असेल तर ग्वाल्हेर पाहा. 1 जून 1858 रोजी जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूने तात्या टोप्यांवर चालून गेले. त्यांचीच फौज समोरच्यांना मिळाली आणि महाराजांना आग्रा गाठावे लागले.

ज्या बोल्शेविकांना कॉर्निलोव्ह चिरडणार होता, त्यांच्याच हाती या प्रसंगात बंदुका आल्या. दोन महिन्यांत सत्ताही आली. तो कैदेतून निसटून दक्षिणेत डॉन नदीकडे गेला, चारएक हजार स्वयंसेवक घेऊन बर्फातून लढत फिरला. त्यांत अधिकारीच फार. साधा शिपाई थोडा. 13 एप्रिल 1918 रोजी येकातेरिनोदार शहराबाहेर, शेतातल्या एका घरावर तोफगोळा पडला, त्यात तो गेला. सोबत्यांनी गुपचूप पुरले. शत्रूने प्रेत उकरून जाळले.