शिकविण्यास आलेला विद्यार्थी



परमुलखात शिक्षकाने कसे रुळावे, याचा धडा लाफ्कादियो हर्न यांच्या चरित्रात आहे. १८५० साली ग्रीसमधील एका बेटावर जन्मलेले हर्न १८९० साली जपानमधील मात्सुए नगरीत इंग्रजी शिकविण्यास आले.

शाळेतून परतल्यावर ते किमोनो परिधान करीत व गवती चटईवर बैठक मारीत. दहा महिने केवळ जपानी अन्नावर राहिल्यावर आजारपणामुळे त्यांना पुन्हा मांसाहाराकडे वळावे लागले. जपानी ग्रंथ वाचण्याइतकी लिपीही त्यांना अखेरपर्यंत साधली नाही. तथापि पत्नी सेत्सु यांच्याशी ते मोडक्यातोडक्या जपानीतच बोलत. तिने लोककथा सांगावयाच्या त्या पुस्तक दूर ठेवून, स्वतःच्या शब्दांत, असा त्यांचा आग्रह असे. ऐकलेल्या अशा कथांना त्यांनी इंग्रजीत अक्षररूप दिले. १८९६ साली ते कोइझुमी याकुमो या नावाने जपानचे नागरिक झाले. १९०४ साली ते निवर्तले, तरी जपानी वाचक त्यांना आजही आपलेच मानतात.

सवयी साऱ्याच बदलत नाहीत. परंतु ऐकण्याची वृत्ती असली म्हणजे परकेपणा ओसरतो. नव्या गावी रुजू होणाऱ्या शिक्षकाने फळ्यापाशी उभे राहण्यापूर्वी एखाद्या ओसरीवर बसावे आणि गावची गोष्ट गावच्या बोलीत ऐकावी.