पायातलं कडं वाचणार कोण?

गणपती गेले की ओहोटीला भाट्याला जा. काजळी नदी समुद्राला मिळते तिथे, ओल्या वाळूवर चिखल्या पक्ष्यांचे थवे दिसतील. साठेक ग्रॅमचा जीव, लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून आलेला.

असे प्रवास कळतात ते पायातल्या कड्यामुळे. भारतात बीएनएचएसनं हे काम १९२७ मध्ये सुरू केलं. पक्षी बारीक जाळ्यात धरायचा, नंबर कोरलेलं हलकं धातूचं कडं घालायचं, वजन आणि पंख मोजून सोडून द्यायचा. काहींना रंगीत फ्लॅगही लावतात. आमच्या कोडिंगच्या भाषेत, युनिक आयडी. पण वाचणारा नसेल तर तो डेटा काय कामाचा? कडं घातलेले बहुतेक पक्षी पुन्हा कुणाला दिसतच नाहीत.

धातूवरचा नंबर मोबाईलच्या झूममध्ये येणं कठीण, फ्लॅग मात्र कधी कधी येतो. त्यासाठी लांब, गप्प बसायचं. रीलसाठी थव्यात धावणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. दमून आलेल्या पक्ष्याची प्रत्येक उड्डाणात चरबी जळते, आणि चरायला भरती येईपर्यंतचाच वेळ.

पाय दिसेल असा फोटो, तारीख, जागा, एवढं बीएनएचएसला कळवा. मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडं दिसलं तर हात न लावता त्याचाही फोटो काढा, नंबर नीट येईल असा.