स्टार्टर घेण्याआधी रेंज मोजा



रात्री वीज येते तेव्हा अंधारात विहिरीवर जायला नको, म्हणून बरेच जण पंपाला मोबाइल स्टार्टर बसवतात. सोय चांगली, पण विहिरीवर रेंज नसेल तर 'पंप बंद कर' हा निरोप पोचतच नाही, आणि पाणी वाया जाते. म्हणून आधी रेंज मोजा.

फोनवरच्या दांड्या पाहून भागत नाही. बहुतेक स्मार्टफोनमध्ये सेटिंगमध्ये, सिमच्या माहितीत, रेंजचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तो उणे असतो. उणे ११५ पेक्षा उणे ८५ चांगला. आकडा दहाने घसरला, तर लहरींची शक्ती एकदशांश उरते!

स्टार्टरमध्ये घालायचे तेच सिम फोनमध्ये घाला. स्टार्टर टूजीचा असेल तर फोनही टूजीवर ठेवा. बांधावर नव्हे, पेटी टांगणार तिथेच, खोलीचे दार लावून मोजा. पत्रा रेंज अडवतो. सकाळी, दुपारी, रात्री मोजून आकडे वहीत लिहा. ऊस वाढला की रेंज घटू शकते, तेवढी शिल्लक धरा.

रेंज कमी पडली तर अँटेना पत्र्याबाहेर, उंचावर न्या. वायर मात्र गरजेपुरतीच ठेवा; लांब वायरीत शक्ती घटते. आणि पाणी संपताच मोटार आपोआप बंद करणारी सोय पेटीत असू द्या. तिला रेंज लागत नाही, आणि मोटार जळण्यापासून वाचते.