आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं



या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीपासून अणुशक्तीपर्यंत सर्व विषय बोलले गेले आहेत. कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला म्हणजे तो महागाई, बोनस नाहीतर किमान वेतन यांवरच बोलणार, अशी आपली अटकळ असणार. आज आम्ही बोलणार आहोत ते स्वयंपाकाच्या ओट्यावरून भाकरी पळवणाऱ्या कुत्र्याविषयी. कुणाला हसू आले तर आमची हरकत नाही. मात्र ज्या घरात दिवसाची कमाई हजार विड्यांवर मोजली जाते, त्या घरातली भाकऱ्यांची दुरडी रिकामी झाली तर तिथे कुणी हसत नाही.

'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' ही म्हण आम्ही गेटसभांत किती वेळा वापरली असेल, त्याचा हिशेब नाही. दळणारा तो कामगार. पीठ खाणारा कोण, हे सांगावे लागत नसे. नाव घेण्याआधीच टाळ्या पडत. पण म्हणीचा शब्दशः विचार केला तर एक मौज दिसते. ती ऐकून माणसे दोनच गोष्टी करतात. आंधळ्याची कीव करतात, नाहीतर कुत्र्याला शिवी देतात. पीठ उघडे का पडले होते, आणि पहिल्या दिवशी कुत्र्याच्या तोंडाला ते लागले तेव्हा घरातली डोळस माणसे काय करीत होती, हे कुणी विचारत नाही. आमचे सारे म्हणणे या दोन प्रश्नांतच आहे.

आपल्या आज्यांचे स्वयंपाकघर आठवा. चूल जमिनीवर, बसून स्वयंपाक, आणि कुत्र्याची हद्द उंबऱ्याबाहेर. दूध-लोणी आढ्याला टांगलेल्या शिंक्यात. भाकरी दुरडीत, दुरडी फडताळात, आणि ज्या भांड्यावर विश्वास नाही त्याच्या झाकणावर वरवंटा. त्या बायांनी प्राणिशास्त्र वाचले नव्हते. पण चोराला शिकवण्यापेक्षा चोरीची सोयच ठेवू नये, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पुढे गॅस आला, कडप्प्याचा ओटा आला, उभ्याने स्वयंपाक होऊ लागला. बाईची कंबर वाचली, हे फार चांगले झाले. पण शिंके गेले, फडताळ गेले, आणि दुरडी उघड्या ओट्यावर आली. मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या कुत्र्याचे नाक बरोबर त्याच उंचीवर पोहोचते.

आमच्या शहराबाहेर कुंभारीला 2006 साली विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरे उभी राहिली. गोदूताई परुळेकरांचे नाव त्या वसाहतीला आहे. त्यानंतर रे नगर झाले; तिथल्या पंधरा हजार घरांचा ताबा जानेवारी 2024 मध्ये मिळाला. स्वतःचे पक्के घर आले, घरात ओटा आला, आणि मोकळ्या माळावरची कुत्रीही दाराशी आली. त्यांतले एखादे पोरांच्या लळ्याने घरातले झाले. अशाच एका घरातली हकीकत सांगतो.

ती अक्का कारखान्यातून पान-तंबाखू आणून घरी विड्या वळते. मांडीवर सूप, समोर पाने, पाठीमागे ओटा. ती म्हणाली, "काय करू हो अण्णा, हात पानात, डोळे सुपात. पाठीमागून भाकरी गेली की ताटं घेतल्यावरच कळतंय." म्हणीतल्या दळणाऱ्याला डोळे नव्हते. हिला डोळे आहेत, पण ते हजारीला बांधलेले आहेत. मान वर करावी तर विडी कमी पडते. तिने लाटण्याने मारून पाहिले, उपाशी ठेवून पाहिले. शेवटी थोरल्या मुलाने ठरवले, की पोत्यात घालून होटगी रोडच्या पलीकडे सोडून यायचे. धाकटी मुलगी दोन दिवस जेवली नाही. हा तंटा आमच्याकडे आला, कारण आमच्याकडे सगळेच तंटे येतात.

आमचे शाळेतले शिक्षण थोडे. बाकीचे हिराचंद नेमचंद वाचनालयाच्या बाकावर झाले. तिथे एका पुस्तकात थॉर्नडाइक नावाच्या अमेरिकन माणसाची गाठ पडली. त्याने 1898 साली मांजरांना पेटीत कोंडून पाहिले आणि एक साधी गोष्ट दाखवली: ज्या कृतीने पोट भरते, ती कृती जनावर पुन्हा करते. याला आम्ही आमच्या भाषेत मजुरी म्हणतो. कुत्रे ओट्यावर उडी मारते, तेव्हा ते नगावर काम करीत असते. उडी हे काम आणि भाकरी ही मजुरी. मजुरी देणारे आपणच असतो आणि वर त्याच कामाबद्दल त्याला मारतो. इतका तऱ्हेवाईक मालक आम्ही कुठल्याही कारखान्यात पाहिला नाही.

आपण म्हणाल, दहा दिवस ओटा स्वच्छ होता, एकदाच काय ती भाकरी राहिली. तिथेच गोम आहे. स्किनर या दुसऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञाने कबुतरे आणि उंदीर यांवर प्रयोग करून दाखवले, की दरवेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून मिळणारे बक्षीस सवय जास्त चिवट करते. आम्हांला यात नवल वाटले नाही. मटक्याचा आकडा लावणारे कामगार आम्ही पाहिले आहेत. रोज लागला असता तर एखाद्या दिवशी न लागताच त्यांना संशय आला असता. महिन्यातून एकदा लागतो, म्हणून माणूस सहा महिने हरत राहतो. दहा दिवसांतून एकदा मिळालेली भाकरी हा कुत्र्याचा मटका आहे.

आता मारण्याविषयी. जर्मनीत लाइपझिग येथे 2003 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कुत्र्यासमोर खाऊ ठेवून 'घेऊ नकोस' असे बजावले. माणूस बघत असला की बहुतेक वेळा कुत्री दम धरीत. माणसाने पाठ फिरवली, डोळे मिटले किंवा तो दुसऱ्या कामात गुंतला, की खाऊ अधिक वेळा गुल होई. म्हणजे बजावण्या-मारण्यातून कुत्रे 'चोरी करू नये' असे शिकत नाही. 'अक्का बघत असताना करू नये' एवढेच शिकते. मग ते अक्का सुपात डोळे घालण्याची वाट पाहते.

"पण अण्णा, त्याला कळतं की! बघा कशी मान घालतंय," असे थोरला मुलगा म्हणाला. यावरही संशोधन झाले आहे. अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी 2009 साली चौदा कुत्र्यांवर पाहणी केली. मालकाने रागावले, की कुत्रे ती अपराधी मुद्रा करते. मग त्याने खाऊ खाल्लेला असो वा नसो. उलट, काही न केलेल्या कुत्र्याला रागावले तेव्हा ती मुद्रा अधिकच दिसली. खातेचौकशी म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे त्याला हे वाचून ओळखीचे वाटेल. साहेबाचा आवाज चढला की निरपराध माणूसही मान खाली घालतो, आणि खाली घातलेली मान कबुलीजबाब म्हणून लिहून घेतली जाते.

तर करायचे काय? पहिले काम म्हणजे ओट्यावरची मजुरी बंद, एक दिवसाचाही अपवाद न ठेवता. भाकरी झाली की घट्ट कडीच्या डब्यात. ताटवाटीतले उष्टे लगेच धुवायचे, खरकट्याच्या बादलीला झाकण आणि झाकणावर वजन. कुणाच्या घरी स्वयंपाकघराला दार असेल तर गुडघ्याच्या वर येईल अशी फळी आडवी लावावी. दार नसेल तर स्वयंपाकाच्या वेळी कुत्रे बांधून ठेवावे. हे सारे सुरू केले, की पहिल्या आठवड्यात ते जास्त उड्या मारील, भुंकेल, कडी नखाने ओरबाडील. इथे लोक कच खातात. संपाच्या पहिल्या आठवड्यात मालक नेहमीपेक्षा जास्त गुरगुरतो. त्याचा अर्थ संप फसला असा नसतो, हे आम्ही कितीजणांना समजावले असेल!

पण नुसते काम बंद केल्याने भागत नाही. दुसरे काम द्यावे लागते. अक्काच्या घरी आम्ही ओट्यापासून दोन हातांवर एक जुने पोते टाकायला सांगितले. त्या पोत्यावर बसणे ही कुत्र्याची नवी नोकरी. बसले की लगेच तिथेच, जमिनीवर, भाकरीचा कुटका. आधी एका श्वासाइतके बसले तरी मजुरी. मग पीठ मळेपर्यंत. मग एक भाकरी थापून तव्यावर पडेपर्यंत. घाई केली की बिघडते. उठले तर रागवायचे नाही, कुटका मिळत नाही एवढेच. ओट्यावरून हातात घेऊन कधी द्यायचे नाही, कारण मग ओटा आणि खाणे यांची गाठ पुन्हा बसते.

आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आहे. नामदेवांची कथा लहान पोरालाही ठाऊक असते. कुत्रे कोरड्या भाकऱ्या घेऊन पळाले आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. आम्ही कीर्तनात ती ऐकतो आणि घरी येऊन लाटणे उचलतो. अक्काच्या मुलाला आम्ही एवढेच म्हणालो, की बाबा, तू नामदेव होऊ नकोस. पण त्यांनी तूप कुठे दिले ते बघ. जमिनीवर!

'सोड' हा शब्द धाकट्या मुलीने शिकवला, तोही आमच्या अपेक्षेहून लवकर. बंद मुठीत कुटका धरायचा. कुत्रे हुंगेल, चाटेल, पंजा मारील. मूठ उघडायची नाही. ते कंटाळून तोंड फिरवील त्याच क्षणी दुसऱ्या हातातून त्याहून चांगला घास. आठवड्याभरात 'सोड' म्हटल्यावर ते मुठीकडे न बघता मुलीच्या तोंडाकडे बघू लागले. तोंडात धरलेली वस्तू मात्र कधी ओढून घेऊ नये. चांगल्यातले शांत कुत्रेही तिथे चावते. बदल्यात दुसरे काही द्यावे. आणि चावलेच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात लस घ्यावी. हळद-चुना लावून घरी बसू नये.

या कामात सर्वांत मोठा धोका फितुरीचा. त्या घरात आजोबा होते. जेवता जेवता हळूच एक तुकडा मागे टाकण्याची त्यांची जुनी सवय. चौघांनी नियम पाळला आणि पाचव्याने मोडला, तर कुत्र्याच्या लेखी नियमच नाही. आजोबांना बंदी घातली असती तर त्यांनी चोरून दिले असते. म्हणून पोत्यावर कुटका देण्याचे काम आम्ही त्यांनाच सोपवले. तेव्हापासून त्यांच्याइतका कडक मुकादम घरात दुसरा नाही.

चोरी थांबवण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते भाकरीच्या किमतीपेक्षा मोठे आहे. आपल्या ओट्यावर कुत्र्याला विष ठरणाऱ्या बऱ्याच वस्तू असतात. सोलापूरचा बाजार कांद्याने भरलेला. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतो. कांद्याची भाजी, कांद्याचे वाटणही त्यात आले. ज्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी 'सोनाका' द्राक्ष दिले, त्या जिल्ह्यात द्राक्षे आणि बेदाणे घरोघर असतात. त्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. त्यातल्या टार्टारिक आम्लावर 2021 पासून संशय आहे, आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असते. तेव्हा चिंचेचा गोळाही आवरून ठेवावा. चॉकलेट वाईट, शिजलेली हाडे वाईट. ती चिरफाळतात आणि आतड्यात रुततात. विडी कामगारांच्या घरी तर सुपातली तंबाखू हेच मोठे विष. जेवणाच्या वेळी सूप खाली ठेवून उठण्याची पद्धत अक्काने तेव्हापासून बंद केली. आणखी एक गोष्ट: ओट्यावर चढणाऱ्या कुत्र्याच्या पंजाने शेगडीची कळ फिरते. काम झाले, की सिलिंडरचा रेग्युलेटरच बंद करावा.

कुत्र्याला भूक किती आहे हेही पाहावे. दोन वेळा ठरल्या वेळी पोटभर मिळाले तर पोत्यावरचे शिक्षण सोपे जाते. उपाशी ठेवून प्रामाणिकपणा शिकवता येत नाही. हे आम्ही माणसांच्या बाबतीतही सांगत आलो आहोत. खाऊनही वखवख जात नसेल तर जंत असतील, एखादा आजार असेल. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे. बंगल्यांत लॅब्रॅडोर पाळणाऱ्यांसाठी एक माहिती: केंब्रिजच्या संशोधकांना 2016 साली असे आढळले, की सुमारे चौथाई लॅब्रॅडोर कुत्र्यांत एका जनुकात असा बदल असतो, की त्यांची खाण्याची ओढ वाढते. अशा कुत्र्याच्या बाबतीत शिकवण कमी पडेल, डब्याची कडीच जास्त उपयोगी.

पोत्यात घालून सोडण्याबद्दल आम्ही थोरल्या मुलाला स्पष्ट सांगितले. पाळलेले जनावर उपाशी मरायला सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी होटगी रोडच्या पलीकडे माणसेच राहतात. तिथेही कुणाची तरी आई विड्या वळत असते. आपल्या ओट्यावर शिकलेला चोर दुसऱ्या गरिबाच्या दारात नेऊन सोडायचा, याला तोडगा म्हणता येत नाही.

सहा आठवडे लागले. आता अक्का पाठ करून बसली तरी कुत्रे पोत्यावर असते, कान तेवढे भाकरीच्या आवाजाकडे. धाकट्या मुलीने शाळेतल्या मैत्रिणींना बोलावून 'सोड'चा खेळ दाखवला. दुरडी मात्र परत ओट्यावर आलेली नाही, ती कडीच्या डब्यातच आहे. आणि रविवारी मटण असले, की अक्का अजून त्याला अंगणात बांधून ठेवते.